ढोंग कशाला म्हणावे? : कर्नाळ्याचा सुळका आणि ‘जैत रे जैत’

नावाजलेल्या दिग्दर्शकाचा चित्रपट कार्यकर्त्यांच्या शिबिरात दाखवला, की नंतरच्या चर्चेत एक शब्द हमखास येतो : ढोंग. कोणी जरा सौम्यपणे ‘अवडंबर’ म्हणतो, कोणी ‘पांढरपेशांचे चोचले’ म्हणतो. पण आशय एकच असतो. त्याच खोलीत दुसरा एक गट असतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो परदेशच्या महोत्सवात गेला, म्हणून तो थोर असलाच पाहिजे, असे हा गट धरून चालतो. ही दोन्ही मते आळशी आहेत. पहिल्यात तपासणी नाही आणि दुसऱ्यात स्वाभिमान नाही. ज्यांना समाज बदलायचा आहे त्यांना दोन्ही परवडणारी नाहीत. म्हणून ‘ढोंग’ हा शब्द नेमका कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हे एका ठोस उदाहरणावरून पाहू.

उदाहरण पनवेल तालुक्यातलेच घेऊ. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 1845 साली ते येथे जन्मले आणि 1883 साली एडनच्या तुरुंगवासात वारले. गावाजवळच कर्नाळ्याचा डोंगर आणि त्याचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका आहे. फडक्यांच्या आजोबांकडे या किल्ल्याची किल्लेदारी होती, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे किल्ल्याच्या माथ्याचा इतिहास नोंदला गेला. पायथ्याच्या ठाकरवाड्यांचा आणि कातकरीवाड्यांचा इतिहास कोणी नोंदला? फडक्यांनी 1879 साली बंड केले ते रामोशी, कोळी अशा लोकांच्या बळावर. स्मारकावर नाव एकाचे लागते आणि बळ पुरवणारे ‘साथीदार’ या एका शब्दात उरकले जातात. हा आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचा जुना रिवाज आहे. कलाकृतीचे मूल्यमापन करताना तो नजरेआड करून चालणार नाही.

या पायथ्याच्या ठाकरांवर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून डॉ. जब्बार पटेल यांनी 1977 साली त्याच नावाचा चित्रपट केला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते ना. धों. महानोरांची, मोहन आगाशे नाग्या झाले, स्मिता पाटील चिंधी. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पटेल तेव्हा नवखे नव्हते. 1972 साली त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले होते आणि त्यांचा ‘सामना’ 1975 च्या बर्लिन महोत्सवात दाखल झाला होता. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरची शिकलेली मंडळी ठाकरांची वस्त्रे नेसून ठाकरांच्या वळणाची बोली बोलतात आणि टाळ्या घेतात. ढोंगाचा आरोप करायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

परंतु आरोप करण्यापूर्वी आरोपाचा अर्थ ठरवावा लागतो. ‘समजत नाही’ किंवा ‘संथ आहे’ म्हणजे ढोंग नव्हे. 2014 सालचा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. एका लोकशाहिरावर खटला भरला जातो. त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप असतो. कॅमेरा एका जागी खिळलेला असतो. तारखा पडतात, कागद सरकतात, काहीच घडत नाही. अनेक प्रेक्षक कंटाळले. पण ज्याने एखाद्या मोर्चाच्या खटल्यात वर्षानुवर्षे तालुक्याच्या न्यायालयाचे खेटे घातले आहेत, त्याला विचारा. तो सांगेल की हा कंटाळा दिग्दर्शकाने लादलेला नाही, तो त्या व्यवस्थेचाच आहे. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. रूप अवघड असले तरी ते आशयातून निघाले असेल, तर त्याला ढोंग म्हणणे हा अन्याय होय.

हा मुद्दा आपण तरी विसरू नये. दलित साहित्य पहिल्यांदा छापले जाऊ लागले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्याला काय म्हटले? आक्रस्ताळे, प्रचारकी, कलाहीन. समांतर चित्रपटावर आरोप झाला की त्यात कला फार आहे. आपल्या साहित्यावर आरोप झाला की त्यात कला नाहीच. वरवर पाहता हे आरोप परस्परविरोधी दिसतात, पण दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात. वाचक-प्रेक्षकाच्या सवयीला धक्का बसला, की तो धक्का देणाऱ्याच्या हेतूवर संशय घेतो. जे हत्यार आपल्यावर चालवले गेले ते आपण दुसऱ्यावर उचलताना दोनदा विचार करावा.

मग ढोंग म्हणजे काय? दावा मोठा आणि ऐवज थोडा, हे ढोंग. कलाकृती ज्या लोकांच्या जगण्यावर आपले वजन वाढवते, त्या लोकांना तिच्यात माणूस म्हणून जागा नसेल, ते नुसते रंग, ताल, दुःख पुरवणारे कच्चा माल असतील, तर ते ढोंग. अशा ढोंगात दिग्दर्शक प्रामाणिक असला तरी फरक पडत नाही. प्रामाणिक माणसाच्या हातूनही ढोंगी कलाकृती होऊ शकते. म्हणून प्रश्न हेतूचा नाही, हिशेबाचा आहे : काय घेतले आणि त्याच्या बदल्यात काय दिले?

‘जैत रे जैत’चा हिशेब मांडू. नाग्या हा भगताचा मुलगा. त्याला पुण्यवंत व्हायचे आहे, राणी माशी पाहायची आहे. तो डोंगरावर जातो. माश्या त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचा एक डोळा जातो. जो डोंगर देवाचा म्हणून पुजला, त्याच्याशी तो वैर धरतो आणि सुळक्यावरची पोळी उतरवायची प्रतिज्ञा करतो. चिंधी नको असलेला नवरा सोडून स्वतःच्या मर्जीने नाग्याकडे येते. शेवटी नाग्या जिंकतो, पण माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते.

जमेच्या बाजूला पहिली गोष्ट ही, की नाग्या कोणाच्या दयेचा विषय नाही. त्याला इच्छा आहे, शंका आहे. ‘मी पाप केले नाही, मग मला शिक्षा का?’ असा त्याच्या वैराचा अर्थ आहे आणि धर्मव्यवस्थेला हा प्रश्न विचारायला कोणा शहरी सुधारकाची गरज त्याला पडत नाही. याच्या शेजारी गोविंद निहलानींचा 1980 चा ‘आक्रोश’ ठेवून पाहा. तेथे आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ अखेरपर्यंत मुका आहे. त्याचे मौन भेदक आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या मौनामुळे कथा ओढण्याचे काम वकिलाकडे जाते आणि आपण वकिलाच्या अस्वस्थतेतून आदिवासी पाहतो. नाग्याकडे आपण कोणाच्या मध्यस्थीने पाहत नाही. चिंधीसुद्धा कोणाची दुःखी बायको म्हणून येत नाही; ती निवड करते. त्या काळच्या मराठी पडद्यावर ही लहान गोष्ट नव्हती.

आता खर्चाची बाजू. नाग्याचे वैर माश्यांशी आणि देवाच्या डोंगराशी आहे. पण कर्नाळ्याच्या पायथ्याचा माणूस केवळ देवाशी भांडून जगत नाही. त्याच्या जंगलावर सरकारचा कायदा आहे, त्याच्या श्रमावर सावकाराची आणि ठेकेदाराची पकड आहे. वनखात्याचा शिपाई, सावकार, कोळशाच्या भट्टीचा ठेकेदार ही माणसे या कथेच्या केंद्राजवळही येत नाहीत. 1968 साली कर्नाळा पक्षी अभयारण्य झाले. चित्रपट त्यानंतर नऊ वर्षांनी आला. तरी पडद्यावरचे जंगल कायद्याच्या बाहेरचे, काळाच्या बाहेरचे वाटते. गाणी इतकी गोड आणि इतकी सलग आहेत, की त्या सुरांत भुकेचा आवाज बुडून जातो.

येथे इतिहासातली एक नोंद ध्यानात घ्यावी. कर्नाळ्यापासून फार दूर नसलेल्या, उरण तालुक्यातील चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. जे हुतात्मे झाले त्यांत एकाचे नाव नाग्या महादू कातकरी. चित्रपटातला नाग्या ठाकर, हा कातकरी. दोघांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण एकाच मुलुखातले हे दोन नाग्या आपल्याला बरेच काही शिकवतात. एक डोंगराशी लढला, दुसरा डोंगर हिरावून घेणाऱ्या कायद्याशी. पहिल्याला पुरस्कार, गाणी आणि महाराष्ट्रभर कीर्ती लाभली. दुसऱ्याचे नाव चिरनेरच्या स्मृतिस्तंभाबाहेर किती जणांना ठाऊक आहे? यात जब्बार पटेलांचा दोष किती? त्यांनी कादंबरीवर चित्रपट केला, कादंबरीत नसलेला लढा आणण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. दोष आहे तो निवडीच्या व्यवस्थेचा : कोणता नाग्या ‘कलात्मक’ ठरतो आणि कोणता नुसताच ‘राजकीय’.

तेव्हा निवाडा असा : ‘जैत रे जैत’ ढोंगी नाही, अपुरा आहे. अपुरेपणा आणि ढोंग यांत गल्लत करू नये. अपुऱ्या कलाकृतीला जाब विचारता येतो, तिच्यापुढे दुसरी ठेवता येते. ढोंगी कलाकृतीचा फक्त पर्दाफाश करायचा असतो.

आणि पुढची कृती आली. 2013 साली नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ केला. वडार समाजातून आलेला हा दिग्दर्शक कैकाडी कुटुंबातल्या जब्याची गोष्ट सांगतो. डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. देश, शाळा आणि जात यांचे नाते एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. येथे निसर्ग आहे, पाखरू आहे, प्रेमही आहे. पण कोणतेही जातीच्या बाहेरचे नाही. तथापि ‘आपला’ दिग्दर्शक आहे म्हणून हिशेब मागायचा नाही, असेही नाही. जन्म हा दाखला आहे, निकाल नव्हे. उद्या आपल्यातलाच कोणी वस्तीचे दुःख महोत्सवांसाठी सजवू लागला, तर हीच कसोटी त्यालाही लावली पाहिजे.

शेवटी ढोंगाची एक जागा उरते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. पटेलांनीच पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट सरकारी पैशातून केला. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2000 साली तो प्रदर्शित झाला. त्याची तमिळ आवृत्ती मात्र न्यायालयात दाद मागावी लागून 2010 च्या डिसेंबरात लोकांपुढे आली. ज्या समाजासाठी चित्रपट केल्याचे सांगितले, त्या समाजापर्यंत तो नेण्याची वेळ आली तेव्हा दहा वर्षे लागली. पैसा द्यायचा, पदक द्यायचे आणि डबा कपाटात ठेवायचा, हे ढोंग दिग्दर्शकाचे नाही, व्यवस्थेचे आहे.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे. चित्रपट दाखवा, पण ‘आवडला का?’ एवढे विचारून थांबू नका. पडद्यावर कोण बोलते, कोणाच्या वतीने बोलते, कथेतून कोणाला वगळले आहे, हे विचारा. शिरढोणच्या परिसरात ‘जैत रे जैत’ दाखवाल, तर प्रेक्षकांत ठाकरवाडीतली माणसे असू द्या, आणि बोलण्याची पहिली पाळी त्यांची असू द्या. त्यांच्यासमोर दोन्ही नाग्यांची गोष्ट सांगा. तिसरी गोष्ट ते सांगतील; ती लिहून घ्या.