सुटून आलेला मुलगा आणि आमची बाजारपेठ

सन २०२१ च्या सप्टेंबरांत डोंबिवलीच्या सामूहिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत ३३ आरोपींपैकीं कांहीं अल्पवयीन निघाले, तेव्हां सारा समाज हादरला. अशा वेळीं उसळणारा संताप अस्वाभाविक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पीडितेचें दुःख आधीं. पण त्यासाठीं २०१५ च्या कायद्यांत तजवीज आहे: १६ वर्षांवरील मुलावर अति घोर अपराधाचा आरोप आल्यास, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालूं शकतो.

परंतु सायकल वा मोबाइल चोरणाऱ्या पोराचें काय? तो भिवंडीच्या निरीक्षणगृहांतून परततो. त्यास पुढें कोणतीही अपात्रता बाधूं नये, असें त्याच कायद्याचें २४ वें कलम सांगतें. सरकारनें पाटी पुसली. कल्याणच्या पेठेनें ती पुसली काय? वयांत आल्यावर तो काम मागावयास येतो, आणि दुकानदाराचा हात आधीं गल्ल्याच्या कुलुपाकडे जातो!

व्यापारी बंधूंस आम्ही विचारतों: उधारी थकविणाऱ्या गिऱ्हाइकास आपण पुन्हां माल देतांच ना? मग याच्याविषयींच एवढी धास्ती कां? गल्ला नको, गोदाम द्या. हिशेब नको, पोतीं मोजावयास द्या. ठाण्या-कल्याणच्या दहा पेढ्यांनीं एकेक जागा राखून परिविक्षा अधिकाऱ्यास तसें कळवावें. त्यास एक पत्र पुरे.