फुटबॉलची बचावफळी: गोल न करणाऱ्यांचा हिशेब

• सेंटर बॅक: गोलरक्षकापुढचा मधला खांब. फुल बॅक: डावी-उजवी कड, आज चढाईलाही तोच धावतो. कबड्डीतला कोपरारक्षक आठवा, काम तेच: चढाईपटूला अडवणं.

• क्लीन शीट: सामन्यात एकही गोल न खाणं. साखळी सामन्यात ०-० मध्येही १ गुण मिळतो.

• १९६२, जकार्ता: आशियाई क्रीडास्पर्धेची अंतिम लढत. बचावपटू जर्नैल सिंग डोक्याला टाके असताना चक्क आघाडीला खेळले, गोलही केला. भारत २, दक्षिण कोरिया १.

• गोव्याची जोडी: महेश गवळी, समीर नाईक. दोघंही धेंपो क्लबचे आणि भारताचे माजी बचावपटू.

• २००६ विश्वचषक: विजेत्या इटलीनं ७ सामन्यांत फक्त २ गोल खाल्ले. त्यातला एक स्वयंगोल, दुसरा अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. म्हणजे चालत्या खेळात प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करता आला नाही! कर्णधार फाबियो कानाव्हारो, उंची जेमतेम पावणेसहा फुटांवर.

• बलोन दोर (सर्वोत्तम फुटबॉलपटूचा वार्षिक पुरस्कार) मिळालेले बचावपटू: फ्रान्झ बेकेनबाउअर (१९७२, १९७६), माथियास झामर (१९९६), कानाव्हारो (२००६). त्यानंतर एकही नाही. २०१९ मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइक मेस्सीच्या मागे दुसरा आला.