386 ला निरोप: कर्नेलमधून जुना प्रोसेसर कसा काढतात

लिनक्स कर्नेलचा जन्मच इंटेलच्या 386 प्रोसेसरवर झाला. हेलसिंकीत शिकत असताना 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या 386 संगणकासाठी तो लिहायला घेतला. डिसेंबर 2012 मध्ये त्याच टोरवाल्ड्स यांनी 386 साठीचा कोड काढून टाकणारे बदल स्वीकारले. फेब्रुवारी 2013 मध्ये आलेली 3.8 ही आवृत्ती त्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. तुमचा मूळचा संगणकही आता नव्या कर्नेलवर चालणार नाही, याची आठवण बदल पाठवणाऱ्या इंगो मोल्नार यांनी करून दिली होती. आपण भावुक नाही, एवढं सांगून टोरवाल्ड्स यांनी बदल घेतले.

निर्णय योग्य होता, आणि तो का योग्य होता हे 386 च्या एका उणिवेतून नीट कळतं.

लिनक्समध्ये एखादा प्रोग्राम स्वतःची दुसरी प्रत सुरू करतो, तेव्हा कर्नेल त्याची सगळी मेमरी लगेच कॉपी करत बसत नाही. तीच पानं तो दोघांना वापरू देतो आणि त्यांच्यावर 'फक्त वाचा' अशी खूण करतो. दोघांपैकी कुणी लिहायला गेला की प्रोसेसर त्याला अडवतो आणि कर्नेलला कळवतो. मग कर्नेल तेवढ्याच पानाची वेगळी प्रत काढून देतो. मेमरी वाचते, वेळही वाचतो. पण प्रोसेसरने अडवलंच नाही, तर ही सगळी व्यवस्था कोसळते.

386 नेमका इथे कमी पडत होता. साध्या प्रोग्रामला तो अडवायचा, पण खुद्द कर्नेल लिहीत असेल तर 'फक्त वाचा' ही खूण तो जुमानतच नसे. आता असं समजा की प्रोग्रामने फाईल वाचायला मागितली. फाईलमधला मजकूर प्रोग्रामच्या मेमरीत कर्नेलच नेऊन ठेवतो. ते पान सामायिक असेल, तर 386 वर मजकूर थेट त्या पानात जाणार आणि दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी त्याच्या नकळत बदलणार. चुकीचा संदेश नाही, काही नाही. म्हणून 386 साठी कर्नेलला असं लिहिण्याआधी प्रत्येक पान स्वतः तपासावं लागे. त्यातही फट होतीच, कारण तपासणी आणि लिखाण यांच्या मधल्या क्षणात त्याच प्रोग्रामचा दुसरा धागा पानाची स्थिती बदलू शकतो. 1989 मध्ये आलेल्या 486 मध्ये इंटेलने एका नियंत्रक रजिस्टरमध्ये 'डब्ल्यूपी' नावाचा बिट दिला. तो चालू केला की प्रोसेसर कर्नेललाही अडवतो. प्रश्न हार्डवेअरमध्येच मिटला.

दुसरी उणीव थोडक्यात सांगतो. मेमरीतली किंमत आपल्याला अपेक्षित आहे तीच असेल तरच बदलायची, आणि हे सगळं मध्ये कुणाला शिरू न देता करायचं, अशी एक सूचना 486 पासून मिळते. आजच्या कर्नेलची कितीतरी कुलुपं तिच्यावर उभी आहेत. 386 वर तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करून हे काम टप्प्याटप्प्याने करावं लागे, आणि ती युक्ती एकच प्रोसेसर असेल तरच चालते.

हा जास्तीचा कोड काही शे ओळींचाच होता. मग त्याचा भार कशाला वाटावा? कारण तो वेगळ्या कोपऱ्यात पडलेला नव्हता. सगळे एक्स86 संगणक ज्या फायलींवर चालतात, त्यांतच तो मिसळलेला होता. मेमरी व्यवस्थापनात सुधारणा करणाऱ्या प्रत्येकाला 386 चा विचार करावा लागे, आणि बदल तपासायला 386 जवळ असणारे जवळपास कुणी उरले नव्हते. इंटेलने त्याचं उत्पादन 2007 मध्येच थांबवलं होतं. ज्याची चाचणी कुणी घेत नाही असा कोड कधी मोडला हेही कळत नाही. 'आधार आहे' असं नुसतं कागदावर राहतं, आणि तसं वचन देणं मला वापरकर्त्याची फसवणूक वाटते.

प्रत्यक्ष काढण्याचं काम धीराने होतं. आधी बांधणीच्या पर्यायांतून त्या प्रोसेसरचं नाव जातं, मग केवळ त्याच्यासाठी लिहिलेल्या पर्यायी वाटा एकेक करून जातात, आणि शेवटी जे नेहमीच खरं ठरणार आहे ते तपासणाऱ्या अटी काढतात. बदल लहान तुकड्यांत पाठवतात. काही बिघडलंच तर नेमका कुठला तुकडा दोषी आहे हे शोधता येतं.

वय हा निकष नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवं. अमिगा आणि अटारीमध्ये असलेल्या मोटोरोलाच्या 68000 कुळातल्या प्रोसेसरांसाठीचा कोड 386 गेल्यानंतरही कर्नेलमध्ये राहिला. त्याची बरीचशी जागा वेगळी आहे आणि त्याची काळजी घेणारी माणसं आहेत. उलट इंटेल आणि एचपी यांचा इटॅनियम 2001 चा, म्हणजे 386 पेक्षा सोळा वर्षांनी धाकटा. पण सांभाळणारं कुणी न उरल्याने 6.7 या आवृत्तीत तो गेला, आणि त्याच्याबरोबर सुमारे 65 हजार ओळी गेल्या.

एप्रिल 2025 मध्ये मोल्नार यांनीच 486 काढण्याचे बदल मांडले. त्यांत सुमारे 14 हजार ओळी कमी होत होत्या. दशांश गणिताचा भाग नसलेल्या 486 एसएक्ससारख्या चिपसाठी ते गणित सॉफ्टवेअरमध्ये करणारा मोठा साठा त्यात होता.

तुमच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत असं जुनं यंत्र अजून काम करत असेल, तर ते लगेच टाकून देऊ नका. 386 चालवणारी शेवटची आवृत्ती 3.7 आजही जशीच्या तशी उतरवून घेता येते. मात्र तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ते यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवा, त्याच्या डिस्कची प्रत आजच काढून घ्या, आणि ज्या चिपवर तुमचं काम अवलंबून आहे तिच्या कोडची चाचणी घेणाऱ्यांत तुमचंही नाव नोंदवा.