छायाकृती, कात्रणे आणि वऱ्हाडी ‘डोया’

मासिकांतील कात्रणे चिकटवून स्वतःच्या चेहऱ्याची छायाकृती भरावयाची, हा उद्योग वरवर पाहता शालेय हस्तव्यवसायाचा वाटतो. चिन्हविचाराच्या दृष्टीने मात्र तो तितका साधा नाही. चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) याने कल्पिलेले चिन्हाचे तिन्ही प्रकार येथे एकाच कागदावर येतात. सावलीचा देहाशी प्रत्यक्ष संबंध असतो, म्हणून ती सूचक. कापलेली चित्रे साम्यावर उभी, म्हणून प्रतिमा. आणि छापील शब्द केवळ रूढीने अर्थ देणारे, म्हणून प्रतीक होत.

कृती अशी. अंधाऱ्या खोलीत दिवा आणि भिंत यांच्यामध्ये, चेहऱ्याची एक बाजू भिंतीकडे येईल असे बसावे. भिंत जितकी जवळ, तितकी सावलीची कड रेखीव. भिंतीवर लावलेल्या कागदावर रेषा मात्र दुसऱ्यानेच ओढावयाची असते, कारण मान वळताच सावली बिघडते. म्हणजे आत्मचित्राची पहिली रेषाच परहस्ते उमटते! प्लिनीने सांगितलेल्या कथेतही परदेशी निघालेल्या प्रियकराची सावली रेखते ती कुंभार बुटाडीझ याची कन्या. या चित्रप्रकाराला १७५९ मधील फ्रेंच अर्थमंत्री सिल्युएट याचे नाव चिकटले ते त्याच्या काटकसरीच्या थट्टेतून.

कात्रणे वेगळ्या जाड कागदावर खळीने चिकटवावी. खळ फार पाणचट नसावी, नाहीतर वर्तमानपत्री कागद फुगून सुरकुततो. तीत किंचित मोरचूद घातल्यास कीड लागत नाही. वजनाखाली वाळल्यावर मागील बाजूस आकृती उतरवून कापावी. असे केल्याने दर्शनी बाजूस चेहऱ्याची दिशा उलटते, हे आधीच ध्यानी घ्यावे.

पिकासो व ब्राक यांनी १९१२ मध्ये रूढ केलेल्या ‘कोलाज’चे नाव ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आले. वऱ्हाडात तुकड्यांतून अखंड वस्तू करण्याची कल्पना गोधडीमुळे घरोघरी परिचित आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबाबा’ही म्हणत, ते त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. हातातील खराटा आणि गाडगे एवढ्या बाह्यरेषेवरूनही ते ओळखू येतात. छायाकृती आणि तुकडे यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच आढळेल.

खरी अडचण शब्दांपाशी येते. अमरावती-अकोल्याकडील बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा–डोया, शाळा–शाया. स्वतःच्या डोळ्याच्या जागी स्वतःचा शब्द लावू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने मासिकांचा गठ्ठा चाळला, तर जाहिराती, संपादकीये आणि पाककृती यांतून ‘डोळा’ वारंवार सापडेल. ‘डोया’ सहसा नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील संवादांतून, विठ्ठल वाघ यांच्या कवितेतून वऱ्हाडी छापील पानावर आली हे खरे. परंतु ग्रंथालयाच्या प्रतीस कात्री लावता येत नाही. आपल्या चित्रात परक्या उच्चाराचा डोळा बसविणे हा पर्याय सोपा आहे, आणि बहुतेकांच्या हातून तोच घडेल. तसे करावयाचे नसेल, तर एका जाहिरातीतून ‘डो’ आणि दुसऱ्या मथळ्यातून ‘या’ कापून घ्यावा. दोहोंचे टंक निराळे असतील. सांधा दिसेल, तो झाकू नये.