खंडेनवमी आणि आपले हात

आज आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी. शस्त्रांबरोबरच शेतकऱ्याने नांगर, सुताराने करवत-रंधा, लोहाराने घण-ऐरण पुजावी, ही आपली परंपरा. आता गावोगावच्या वर्कशॉपांत लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर यांनाही झेंडूचे हार चढतात, हे उचितच होय. परंतु ज्या हातांनी ही यंत्रे चालतात, त्या हातांचे स्मरण आज व्हावे, असे आम्हांस वाटते. प्रातःकाळी करदर्शन घेणाऱ्यांस हातांची महती निराळी सांगावयास नको.

मिनिटाला 1,400 फेरे घेणारे ड्रिल एका सेकंदात 23 वेळा फिरते. अंगठी, मनगटावरचा गंडा, सैल बाही किंवा हातमोजा त्यात गुंतला, तर विचार सुचण्यापूर्वीच हात ओढला जातो. म्हणून फिरत्या ड्रिलवर वा लेथवर हातमोजे घालू नयेत. कामापुरता गंडा देव्हाऱ्यात ठेवल्याने श्रद्धा उणावत नाही. यंत्रावरचा हार उतरविल्यावाचून ते सुरू करू नये. ग्राइंडरच्या दगडावर पाणीही घालू नये. एका बाजूने पाणी प्यालेल्या दगडाचा तोल बिघडतो. दगड आणि त्यापुढील टेकू यांतील फट 3 मिलिमीटरहून अधिक नसावी. एरवी वस्तूबरोबर बोटही आत खेचले जाण्याचे भय असते.

भट्टीपाशी धोका निराळा. लालबुंद लोखंड आपणांस सावध करते. काळे पडलेले लोखंड फसवते. सुमारे 500 अंश सेल्सिअसखाली त्याची लाली मावळते, परंतु दाहकता मावळत नाही. यास्तव ऐरणीपाशी पडलेला प्रत्येक तुकडा तापलेलाच मानावा. उचलण्यापूर्वी तळहाताची पाठ काही अंतरावर धरून झळ पाहावी. सांडशी तुकड्याच्या मापाची असावी, नाहीतर घाव बसताच तो निसटून उडतो. ओला हातमोजा तर कटाक्षाने टाळावा. त्यातील पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. चटका बसलाच, तर तेल वा हळद न लावता हात 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि भाजणे मोठे असल्यास विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.

पूजेत मांडलेले हत्यार आज कोणी चालवीत नाही. हाच संयम वर्षभर पाळावा. पाते बदलावयाचे असो वा कीस झाडावयाचा असो, आधी वीज तोडावी, यंत्र पूर्ण थांबू द्यावे, मगच हात पुढे करावा. उद्या विजयादशमीस आपट्याचे सोने देताना प्रत्येक कारागिराची दहाही बोटे शाबूत असावीत, हीच जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना.