वाळूत हवा कमी, रस्त्यावर पुरती

वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढताना अनुभवी चालक टायरमधली हवा थोडी सोडून देतो. वरवर हे उलटेच वाटते. पण दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, ही शाळेतली व्याख्या आठवली की कोडे सुटते.

समजा, गाडीचे वजन २००० किलो आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो भार. हवा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलो दाबाने भरलेली आहे. टायरच्या भिंतींचा ताठपणा हिशेबात धरला नाही, तर ५०० ÷ २.२५ = सुमारे २२२ चौ. सेंमी. एवढाच भाग जमिनीला टेकतो. १५ सेंमी. बाजूचा जेमतेम एक चौरस! हवा १६ पौंडांवर आणली, की हे क्षेत्रफळ दुप्पट आणि वाळूवरचा दाब निम्मा होतो. उंटाचा पसरट तळवा हेच साधतो. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९३२ साली मोटारींतून लिबियाचे वाळवंट पार केले, त्या मोहिमांतही ही युक्ती वापरात होती. वर्गात कोरड्या वाळूवर वीट एकदा आडवी व एकदा उभी ठेवून पाहा. फरक लगेच दिसेल.

मग टायर जितका रुंद तितका चांगला का? नाही. पातळ चिखलाखाली टणक जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तिच्यापर्यंत पोचतो. खोल चिखलात मात्र पकड लागते. कोकणात भाताच्या चिखलणीसाठी पॉवर टिलरला लोखंडी चाके लावतात, ती याचसाठी. चिखलाच्या टायरवर मोठे ठोकळे आणि रुंद खाचा असतात. चाक फिरताना खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबरी रस्त्यावर रबर कमी टेकते आणि आवाजही वाढतो. ‘सर्व रस्त्यांचा’ टायर ही या दोहोंमधली तडजोड आहे.

टायरवर २३५/७० आर १६ असे लिहिलेले असते. रुंदी २३५ मिमी., भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि रिमचा व्यास १६ इंच. यावरून चाकाचा व्यास काढा: ४०६.४ + २ × १६४.५ = ७३५.४ मिमी. त्याच रिमवर २४५/७५ चा टायर बसवला, तर व्यास सुमारे ७७४ मिमी. होतो, म्हणजे ५ टक्क्यांनी जास्त. मग वेगाचा काटा ६० दाखवत असताना गाडी ६३ च्या वेगाने धावत असते! खडकाळ वाटेवर लहान रिम व उंच भिंत बरी, कारण दगडाचा धक्का रबर सोसते. मोठी रिम, आखूड भिंत असेल तर रिमच वाकू शकते.

वाळू संपताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि वेगात तो फुटू शकतो. तेव्हा हवा सोडण्याआधी गाडीत पंप आहे ना, हे पाहावे.