डॉक्टर घडवायचा कसा?

एमबीबीएसला काय शिकवायचं यावर फारसं दुमत नाही. ते कसं शिकवायचं, यावर मात्र गेल्या पाच-सहा दशकांत जगभर मूलभूत प्रयोग झाले. त्यातला एक आपल्या वर्ध्याजवळचा आहे.

1969 साली कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत पहिली तुकडी आली, ती विषयांचे कप्पे मोडूनच. विद्यार्थ्यांचा लहानसा गट, समोर एका रुग्णाची हकिगत आणि सोबत एक शिक्षक. त्याने लेक्चर द्यायचं नाही. आपल्याला काय ठाऊक नाही हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचं, शोधायचं आणि परत येऊन एकमेकांना समजावून सांगायचं.

त्याच वर्षी डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे बदलली ती शिकण्याची जागा. नव्या विद्यार्थ्यांचे सुरुवातीचे दिवस आश्रमात जातात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांना पुढेही भेटत राहते. पुस्तकातला ॲनिमिया म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा. एखाद्या घरी ओसरीवर बसून बोललं की कळतं, बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते आणि मळमळतं म्हणून लोहाच्या गोळ्या तशाच फळीवर पडून आहेत. उपचार तिथून सुरू करावा लागतो. माझ्या मते आपल्या देशात अध्यापनपद्धतीचा इतका मूळचा, इथल्या मातीतला विचार दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात क्वचितच झाला असेल.

पद्धत बदलली तरी परीक्षा जुनीच राहिली, तर विद्यार्थी परीक्षेच्याच मागे जातो. हे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने लवकर ओळखलं. तिथे अनेक वर्षं पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी एकच पेपर देत, तोही पदवीच्या पातळीचा. ‘माहीत नाही’ असं उत्तर देण्याची मुभा असे. आदल्या रात्री जागून उपयोग नसे, कारण प्रश्न कुठूनही येई. हळूहळू वाढत जाणारं ज्ञान तेवढं मोजलं जाई.

स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत मांडली. घंटा वाजते, विद्यार्थी पुढच्या टेबलावर जातो. तिथे रक्तदाब मोजायचा आहे. त्याने आपलं नाव सांगितलं का, दंडाच्या मापाचा पट्टा निवडला का, हात हृदयाच्या पातळीला ठेवला का, यावर परीक्षक एकेक खूण करत जातो. पुन्हा घंटा. एकच केस नशिबाने सोपी किंवा अवघड मिळण्याचा जुना जुगार इथे संपला.

भारतात 2019च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पहिल्याच वर्षी रुग्णाशी ओळख, संवाद आणि नीतिमत्तेसाठी वेगळे तास, कौशल्यांची लॉगबुक, लेक्चरना एकूण वेळेच्या एक तृतीयांशाची मर्यादा. पुढे कुटुंब दत्तक योजनाही सगळ्या महाविद्यालयांना लागू झाली. सेवाग्रामची रीत देशभर गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दीडशे-दोनशेच्या तुकडीला मोजकेच शिक्षक असतील तर लहान गट कागदावरच राहतो आणि लॉगबुकात एका बैठकीत सगळ्या सह्या होतात. गावभेटीला एका बसफेरीचं रूप येतं. मुक्काम गेला की त्या पद्धतीतलं शिक्षणही जातं.

याहून मोठी अडचण पीजीच्या प्रवेशपरीक्षेची आहे. दोनशे बहुपर्यायी प्रश्नांवर पुढचं आयुष्य ठरणार, हे मुलांना पहिल्या वर्षापासून माहीत असतं. मग इंटर्नशिपमध्ये वॉर्डातून निसटून वाचनालय गाठणाऱ्या मुलाला दोष कसा द्यायचा? त्याने व्यवस्थेचा हिशोब अचूक मांडलेला असतो.

2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ या सामाईक परीक्षेची तरतूद झाली. अंमलबजावणी मात्र लांबत गेली. 2023च्या नियमावलीनुसार तिचे दोन टप्पे आहेत. पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा प्रत्यक्ष रुग्णतपासणीचा आणि तोंडी परीक्षेचा. पीजीचा क्रमांक मात्र पहिल्या टप्प्यावरच लागणार. दुसऱ्यात नुसतं उत्तीर्ण व्हायचं. ही परीक्षा यायचीच असेल, तर दुसऱ्या टप्प्याचे गुण क्रमांकात धरायला हवेत. थोडे धरले तरी मुलं संध्याकाळी वॉर्डात थांबतील आणि त्यांना शिकवायला युनिटमधल्या शिक्षकांनाही थांबावं लागेल.